हशाची जागा

स्टेजवर पाच माणसं होती, पुठ्ठ्याची तीन घरं, एक खरी लाकडी शिडी, निळ्या कापडाचा साठ फुटी पूर आणि तो पूर हलवायला चार टेबल फॅन. स्टेजसमोर दोरी होती, दोरी धरून मंडळाचे बारा कार्यकर्ते होते आणि दोरीपलीकडे साधारण तीनशे माणसं. एका रांगेतली डोकी मोजून मी रांगांनी गुणलं होतं. माझ्या हातात ध्वनिमापक होता.

"तिसरा फॅन खडखडतोय," बापू खैरे माझ्या कानाशी म्हणाले.

"पुराचा आवाज वाटेल, बापू."

"पुराला बेअरिंग नसतं गं, जुई."

गणपतीचा दुसरा दिवस होता. पुण्यातल्या पेठांमधून गणपतीत जिवंत देखावे होतात. स्टेजवरची माणसं फक्त ओठ हलवतात. संवाद, संगीत, निवेदन सगळं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं असतं. दहा-बारा मिनिटांचा खेळ संपला की गर्दी पुढे सरकते, नवी येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी त्या वर्षी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. आवाज मर्यादेबाहेर जाऊन पोलिसांनी स्पीकर उचलून नेऊ नयेत, म्हणून मंडळाचे अध्यक्ष बापू यांनी ते यंत्र माझ्या हातात दिलं होतं.

त्या वर्षीचा देखावा बापूंनी स्वतः लिहिला होता. नाव 'तीही माणूसच!' आदल्या वर्षी नाल्याचं पाणी आमच्या खालच्या गल्लीत शिरलं तेव्हा बापूंचे वडील, सगळे त्यांना दादा म्हणत, घराच्या माळ्यावर अडकले होते. त्यांना बाहेर काढलं ते रेवती ढमाले हिनं. रेवतीताई आमच्याच गल्लीत मुलगा म्हणून वाढली, मग काही वर्षं दिसली नाही आणि परत आली ती पॅथॉलॉजी लॅबमधली टेक्निशियन होऊन, साडी नेसून. पुरानंतर चार महिन्यांनी दादा झोपेतच गेले. देखावा म्हणजे बापूंनी मानलेले आभार होते.

निवेदन थांबलं. नुसता पावसाचा आवाज उरला. माझ्या यंत्रावर चौऱ्याहत्तर डेसिबल. मग टाळ्या वाजल्या, बोटं फाकवून वाजवतात तशा, आणि दिव्याच्या झोतात हिरवी साडी नेसलेला हणमंत शेलार कमरेत लचकत आला. हणमंत तालमीतला. वजन शंभराला टेकलेलं, मानेला घडी पडलेली. ही भूमिका करायला कोणी बाई तयार होईना, आणि बापूंचंही मत होतं की याला पुरुषच पाहिजे. हणमंतनं त्यासाठी मिशी काढली होती.

चौक हसला. अठ्ठ्याऐंशी.

दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, त्यामुळे चौदा डेसिबलची उडी काही लहान नव्हती. पुढे माळ्यावरचे आजोबा हात जोडतात, हणमंत त्यांना खांद्यावर घेतो आणि स्पीकरमधून बापूंच्या मेव्हण्याच्या घोगऱ्या आवाजात भाषण सुरू होतं, "समाजा, अरे समाजा, आम्हीही माणसंच आहोत!" त्यातलं अर्ध्याहून जास्त हशात बुडालं.

खेळ संपला आणि रसवंतीच्या बाजूनं रेवतीताई आली. ती सगळा वेळ मागे उभी होती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"बापू, उद्यापासून बंद करा."

बापूंनी उपरण्यानं तोंड पुसलं. "रेवती... ताई, अहो, पहिले दोन दिवस असंच असतं. बसेल हळूहळू."

"काय बसेल? रोज दहा वेळा हा चौक माझ्यावर हसणार. विसर्जन झालं की सोमवारी मी त्या गाळ्याचं शटर उघडणार." तिनं समोर बोट दाखवलं. रसवंतीशेजारच्या बंद शटरवर नुकतीच रंगवलेली पाटी होती: रेवती रक्त तपासणी केंद्र. "गेल्या आठवड्यात मला त्या पाटीचा अभिमान वाटत होता. आता मला सांगा, दहा दिवस ज्यांनी मला बघून पोट धरलं, ते सकाळी उठून माझ्यापुढे दंड उघडा करतील? सुई आहे हो ती. ज्याला बघून हसू येतं, त्याच्या हातात कोणी दंड देत नाही."

"मी तुमचं भलं करायला..."

"माहीत आहे. म्हणून तर ओरडत नाहीये."

पडद्यामागून हणमंत आला. साडीचा पदर त्यानं घाम पुसायला काढला होता. "ताई, माझं काही चुकतंय का? तालमीत पोरं मला बाई म्हणून हाक मारायला लागलीत. त्याचं काही नाही. पण मिशी घालवून वर तुम्हालाच त्रास होणार असेल तर मी कशाला करू?"

रेवतीताईनं त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा जरा निवळला. "तुझी मिशी चांगली होती रे."

शेवटी दोन दिवस ठरले. दोन दिवसांत हशा गेला नाही तर देखावा बंद. मंडपात नुसता गणपती आणि समई.

बापूंना वाटलं, दोष टाळ्यांचा आहे. टाळ्या काढल्या. हशा सत्त्याऐंशी. मग साडीचा. हिरवी काढून साधी करडी दिली. अठ्ठ्याऐंशी. मग लचकणं बंद केलं. हणमंत काठी गिळल्यासारखा चालला. नव्वद.

"हा तर वाढला!" बापू म्हणाले.

"मी तरी काय करू?" हणमंत म्हणाला. "आता फक्त कातडी काढायची राहिली."

मला एक गोष्ट खटकत होती. आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो, हे बरोबर होतं. पण जे बदलत होतो ते सगळं हणमंतच्या अंगावरचं होतं. पुढच्या खेळाला मी स्टेजकडे बघितलंच नाही. नुसती यंत्रावर नजर ठेवली. पाऊस वाजत होता, चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, आणि एकदम एक्क्याऐंशी. मी मान वर केली. स्टेजवर अजून अंधार होता. दिवा त्यानंतर लागला, हणमंत त्यानंतर आला.

म्हणजे हशा त्याला बघून सुरू होत नव्हता.

पुढचे खेळ मी जागा बदलत फिरले. रसवंतीपाशी हा पहिला आकडा जेमतेम हलत होता. मधल्या रांगांत थोडा. दोरीजवळ गेले तसा आकडा उडाला. दोरीला धरून आमचे बारा जण उभे होते, स्टेजकडे तोंड करून, आणि पाऊस सुरू झाला की एकमेकांना कोपरानं ढोसत होते. "आली आली, हणम्याची स्वारी आली." ते फिस्सकन हसायचे, मागची रांग काय झालं म्हणून बघायची, दिवा लागायचा आणि तीनशे माणसांना कळायचं की इथं हसायचं असतं.

मी बापूंना ओढत तिथं नेलं. बापूंनी पूर्ण खेळ स्टेजकडे पाठ करून, आपल्याच पोरांची तोंडं बघत काढला.

"अरे गाढवांनो!" खेळ संपताच ते कडाडले. "देखावा आपला आणि हसताय तुम्ही?"

"आम्ही कुठं त्यांना हसतोय, बापू?" एक जण म्हणाला. "आम्ही हणम्याला हसतोय. लहानपणापासून त्याला लंगोटात बघितलाय."

"मागच्या माणसाला काय माहीत तुम्ही कुणाला हसताय?"

बापूंनी हुकूम काढला: कार्यकर्त्यांनी पाठ स्टेजकडे, तोंड गर्दीकडे. दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेळाला पाऊस वाजला, दिवा लागला, करड्या साडीत हणमंत आला. चौऱ्याहत्तर. आकडा जागचा हलला नाही. मी इतकी खूश झाले की जवळच्या अनोळखी काकूंना यंत्र दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

भाषण आज स्पष्ट ऐकू आलं. "समाजा, अरे समाजा..." पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. "बिचारी," त्या म्हणाल्या. शेजारणीनं मान हलवली, "देवानं असं का करावं गं एखाद्याचं?" खेळ संपल्यावर त्या दोरीखालून वाकून पुढे गेल्या, स्टेजच्या कडेवर दहाची नोट ठेवली आणि हणमंतपुढे डोकं टेकवलं. हणमंत घाबरून बापूंकडे बघायला लागला. त्या बाईंनी नातवालाही पुढे ढकललं. "आशीर्वाद घे, यांचा लागतो."

मी रेवतीताईला शोधलं. ती रसवंतीच्या बाकावर बसली होती, हातातला रस तसाच.

"झिरो," मी म्हणाले. "ताई, हशा शून्य. मी मोजलाय."

"हो. छान केलंस." तिनं ग्लास बाकावर ठेवला. "बापूंना सांग, बंदच करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तोवर बापू आणि पदर खोचलेला हणमंत आमच्यापर्यंत पोचले होते.

"आता काय झालं?" बापू म्हणाले. "रडली की हो बाई!"

"तेच तर. परवा मी जोकर होते, आज बिचारी झाले. पुढच्या सोमवारी त्या बाई माझ्या केंद्रात येतील, शटरबाहेर दहा रुपये ठेवतील, नमस्कार करतील आणि साखर तपासायला दुसरीकडे जातील. बापू, ज्याच्याकडे आशीर्वाद मागायचा, त्याच्याकडे रिपोर्ट मागत नाहीत."

स्टेजवर फॅन खडखडत होता. मला मात्र राग आला होता, थोडा तिचा आणि बराचसा माझ्या आकड्यांचा. मी विचारलं, "मग त्या दिवशी खरं काय झालं होतं, ताई? दादांनी हात जोडले होते का?"

"दादांनी?" रेवतीताई एकदम मोठ्यानं हसली. "दादांनी हात जोडले! अगं, ते माळ्यावरून खाली यायला तयार नव्हते. म्हणाले, मी तुझा हात धरणार नाही. छातीएवढं पाणी, मी शिडीवर, आणि हे म्हणतात हात धरणार नाही."

"मग?" बापूंनी विचारलं.

"मग मी म्हटलं, नका धरू. मी तुमचा धरते. देवानं विचारलं तर सांगा, मी नव्हता धरला, तिनंच धरला."

हणमंत खदखदून हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवून बापूंकडे बघितलं.

"तरी हलेनात. उलट मलाच ओरडायला लागले, घरात पाणी, घरात पाणी. मी म्हटलं, दादा, परवाच तुम्ही नगरसेवकाच्या नावानं शंख करत होतात, चार दिवस नळाला पाणी नाही म्हणून. आता त्यानं घरपोच पाठवलंय तर रुसता कशाला? तेव्हा हसले. हसता हसता हात सुटला माळ्याच्या कडेवरचा आणि मी धरला."

बापू बाकावर बसले. "दादा मला सांगायचे," ते म्हणाले. "अरे, मी पाण्यात हसलो होतो. दोन-तीनदा सांगितलं. मला वाटलं, वय झालंय, काहीतरी बोलतात. मी म्हणायचो, हो हो दादा, आराम करा."

"मी त्यांना हसवलं होतं, बापू. ते कुणी दाखवतच नाही. आमच्यावर हसतात तरी किंवा आमच्यासाठी रडतात तरी. आम्ही कुणाला हसवतो, हे कुठल्या देखाव्यात बघितलंत?"

"नाही बघितलं." बापू उठले. "आता बघू. जुई, नवीन आवाज भरायचा तर किती वेळ?"

"एक सकाळ. पण आवाज कुणाचा?"

तिघांनीही रेवतीताईकडे बघितलं.

"आणि ताई, स्टेजवरही तुम्हीच या," हणमंत घाईघाईनं म्हणाला. त्याला फार आशा वाटत होती.

"मुळीच नाही. पूर मी एकदा केलाय. तू कर. मला एकदा खुर्चीवर बसून बघायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बापूंच्या गाडीत ध्वनिमुद्रण केलं. काचा बंद केलेली गाडी हा गल्लीतला सगळ्यात शांत डबा होता. मागच्या सीटवर रेवतीताई, पुढे मी लॅपटॉप घेऊन, बाहेर उन्हात बापू, वाकून काचेतून बघत. तिचा आवाज मध्यम, थोडा जाडसर, ठाम होता. रोज शंभर माणसांना "मूठ आवळा, आता सोडा" सांगणाऱ्या माणसाचा. तिनं दोन्ही वाक्यं पहिल्या दमात म्हटली.

बापूंनी काच वाजवली. मी खाली केली.

"ते माझं शेवटचं भाषण? समाजा, अरे समाजा?"

"बापू," रेवतीताई म्हणाली, "मी शिडीवर उभी राहून भाषण केलं असतं तर दादा तेव्हाच गेले असते."

बापूंनी विचार केला. "छोटं करू का?"

"काच वर घे, जुई."

दुपारी मंडपात हणमंतची तालीम झाली. त्याला ओठ जुळवायला अडचण नव्हती. त्याचा घोटाळा पायांत होता. लचकायचं नाही, ताठही चालायचं नाही, तर मग कसं, हे त्याला कळेना.

"पाण्यात कसा चालशील?" रेवतीताईनं विचारलं.

"पाय रोवून. ओढ असते ना."

"मग तसाच चाल. मी काय त्या पुरात मुरडत चालले होते?"

हणमंतनं निळ्या कापडात पाय रोवला, मग दुसरा. करड्या साडीतला तो शंभर किलोचा माणूस एकाएकी कामात असल्यासारखा दिसायला लागला.

"आणि नगरसेवकाच्या आधी थांब," ती म्हणाली. "लोकांना वाटू दे की तू आता चिडलीस. मोज मनात, एक, दोन. मग बोल."

"चिडलोय असं वाटू दे?"

"चिडलीस."

"चिडलीये," हणमंत पुटपुटला आणि पुन्हा पहिल्यापासून शिडी चढला.

संध्याकाळच्या पहिल्या खेळाला बापूंनी पुढच्या रांगेत एक खुर्ची टाकून घेतली. रेवतीताई तीवर बसली, पर्स मांडीवर. कार्यकर्ते पाठमोरे. गर्दी साडेतीनशेच्या आसपास. मी मागे, रसवंतीपाशी.

पाऊस. चौऱ्याहत्तर. दिवा लागला, हणमंत पाय रोवत आला. पंच्याहत्तर. माळ्यावरच्या आजोबांनी, म्हणजे बापूंच्या मेव्हण्यानं, हात मागे घेतला. "मी तुझा हात धरणार नाही!" चौक गप्प झाला. स्पीकरमधून रेवतीताईचा आवाज आला, "नका धरू. मी तुमचा धरते. देवानं विचारलं तर सांगा, मी नव्हता धरला, तिनंच धरला."

हशा आला. ब्याऐंशी, आणि माझ्या जवळून, मागच्या रांगांतून. एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत म्हणाले, "वा! घेतली म्हाताऱ्याची!"

आजोबा हलले नाहीत. "घरात पाणी, घरात पाणी!" हणमंत थांबला. त्यानं कमरेवर हात ठेवला. एक. दोन. दोरीवरचे बारा जण वळून बघायचा मोह आवरत माना आखडून उभे होते. मग नगरसेवकाचं वाक्य आलं.

आमच्या पेठेत त्या आठवड्यात नळाला एक दिवसाआड पाणी होतं. मी यंत्राकडे बघितलं तेव्हा आकडा शहाण्णव होता आणि नियमानं मी तेव्हा बापूंना हात वर करून खूण करायला हवी होती. पण मर्यादा स्पीकरला असते, माणसांना नसते, असं मी ठरवलं. पुढच्या रांगेतल्या कालच्याच त्या बाई नातवाला घेऊन पुन्हा आल्या होत्या. त्या हसून इतक्या वाकल्या की नातू त्यांचा पदर ओढून विचारायला लागला, काय झालं आजी? रेवतीताई मात्र हसत नव्हती. ती खुर्चीत वळून बसली होती आणि स्टेजऐवजी गर्दीकडे बघत होती, एकेका चेहऱ्याकडे.

दिवे लागल्यावर बापू तिच्यापाशी गेले. "काय मग? बंद?"

"कसलं बंद! पुढचा खेळ लावा. रांग भेळवाल्यापर्यंत गेलीय."

विसर्जनानंतरच्या सोमवारी सकाळी मी उपाशीपोटी रेवती रक्त तपासणी केंद्रात गेले. शटर उघडं होतं. आत चार खुर्च्या होत्या, त्या भरल्या होत्या, आणि पायरीवर आणखी सहा जण बसले होते. नातवाच्या आजी दुसऱ्या खुर्चीवर होत्या.

"बाई, दुखेल का गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही दुखणार. दुखलंच तर नगरसेवकाचं नाव घ्या," रेवतीताई आतून म्हणाली. पायरीवरचे सगळे हसले. आजींनी दंड पुढे केला.

बापू माझ्या आधी आले होते आणि दंडावर कापूस दाबून, हात दुमडून, सगळ्यांना जागा दाखवत होते. तेवढ्यात हणमंत आला. मिशीचे खुंट फुटले होते. तो दारातच उभा राहिला, सुई बघून एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "ताई, मी नुसता शुभेच्छा द्यायला आलोय."

"बस."

"नाश्ता झालाय माझा."

"हिमोग्लोबिनला चालतो. बस."

"मला चक्कर येते, ताई. खरं सांगतो. लहानपणापासून. तालमीत कुणाला सांगू नका."

पायरीवर तालमीतलेच दोघे होते. हणमंतला ते दिसले तोवर तो खुर्चीत बसला होता. त्यानं शंभर किलोचा जीव आवळून डोळे मिटले आणि मान माझ्या बाजूला फिरवली. मी त्याचा दुसरा हात धरला.

"मूठ आवळ," रेवतीताई म्हणाली. "आता सोड."

"टोचली की सांगा," हणमंत डोळे मिटूनच म्हणाला.

"काढूनही झालं रे. कापूस धर."

संध्याकाळी रिपोर्ट आले. हणमंतनं आपला कागद चौकात उभं राहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. हिमोग्लोबिन पंधरा पूर्णांक चार.